भिजलेले इंजिन

मृगाचा पाऊस पडून काळी जमीन वाफशावर आली, की वांकिडीच्या आसपास कपाशीच्या टोबणीची एकच धांदल उडते. मजूर शेतावर न्यावयाचे असतात, बियाणे व खत आणावयाचे असते, औताची सोय सांगून ठेवावयाची असते. आणि ही धावपळ आता बहुधा मोटारसायकलीवर होते. नेमक्या याच दिवसांत मिस्त्र्यांच्या दुकानांसमोर चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग लागते. प्रत्येक मालकाची तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत मांडलेली असते : काल पावसात आली, तेव्हापासून मिसिंग मारते.

वांकिडी हे आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. जुन्या हैदराबाद संस्थानात आसिफाबाद आणि राजुरा हे दोन्ही तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात आला व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला; आसिफाबादकडील भाग आंध्रात राहिला. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, आणि २०१६ च्या ऑक्टोबरात आदिलाबादचे विभाजन होऊन वांकिडी कोमरम भीम यांच्या नावाच्या नव्या जिल्ह्यात गेली. सीमा अशा हलल्या, तरी घराघरांतील मराठी बोलणे हलले नाही. तेलुगू, गोंडी व कोलामी या भाषा तिच्या शेजारी नांदतात. पाण्याच्या प्रवाहाला तेलुगूत वागू म्हणतात, मराठीत नाला म्हणतात; आणि पावसाळ्यात हे वागू-नाले दोन्ही भाषांच्या लोकांना सारखेच अडवितात.

या अडविण्यातच प्रश्नाचे खरे गांभीर्य आहे. रात्री घरात कोणी अत्यवस्थ झाले अथवा एखादी स्त्री अडली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येते. वाडीपर्यंतची चिखलाची वाट तिला साधत नाही. तेवढे अंतर तोडून देणारे वाहन म्हणजे दारातील मोटारसायकल. तिच्या इंजिनाने अशा वेळी दगा दिला, तर तो केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही. म्हणून इंजिन भिजल्यावर का अडखळते, हे तिच्या मालकाला दुकानदाराइतके नसले, तरी पुरेसे समजलेले असावे.

अमेरिकेत व कॅनडात शेतावरची, रानातली कामे करण्यासाठी फुगीर टायरांची एक निराळी गाडी वापरतात. होंडा कंपनीने १९७० साली तिचा तीन चाकांचा अवतार बाजारात आणला. पुढे १९८२ च्या सुमारास सुझुकीने चार चाकांची गाडी काढली. तीन चाकांच्या गाड्या उलटून इतके अपघात झाले, की १९८८ साली अमेरिकेत त्यांची विक्री थांबवावी लागली. चिखलातून व ओढ्यांतून नेण्यासाठीच बनविलेल्या या गाड्यांच्या मालकांचीही पहिली तक्रार वांकिडीच्या शेतकऱ्यासारखीच असते. कारण दोन्हींचे इंजिन मुळात एकाच कुळातले आहे.

पेट्रोलचे इंजिन ठिणगीवर चालते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक, म्हणजे सेकंदाला २५ ठिणग्या कामी याव्या लागतात. यांपैकी दोनचार जरी चुकल्या, तरी गाडी अडखळते, खोकते, मध्येच फट्‌ असा आवाज सायलेन्सरातून येतो. जळावयाचे राहिलेले पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरात जाऊन पेटते, त्याचा तो आवाज. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. त्यातील इंधन दाबाने तापलेल्या हवेतच पेट घेते. म्हणूनच भर पावसात ट्रॅक्टर निर्धास्त चालतो आणि त्याच्यामागून येणारी मोटारसायकल मात्र कुरकुर करू लागते.

प्लगच्या दोन टोकांत एक मिलिमीटरहूनही कमी फट असते. ती उडी मारण्यास विजेला दहा ते वीस हजार व्होल्टचा दाब लागतो. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलच्या साहाय्याने इतके वाढविले जातात. इतक्या दाबाची वीज प्लगपर्यंत सुखरूप नेणे हे सोपे काम नव्हते. १९०२ साली श्टुटगार्ट येथे बॉशच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड या इंजिनियराने उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला साजेसा प्लग तयार केला, तेव्हा मोटारगाडीच्या ठिणगीचा प्रश्न पुष्कळसा सुटला. पाण्याचा प्रश्न मात्र तेव्हापासून आजतागायत चालत आला आहे.

विजेचा स्वभाव सोप्या वाटेने जाण्याचा. प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा ओल्या रबरावरून सरपटत इंजिनाच्या लोखंडावर उतरणे तिला सोयीचे वाटले, तर ती तेथूनच जाते आणि सिलिंडरात ठिणगी पडत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पावसाचे स्वच्छ पाणी विजेचे फारसे चांगले वाहक नाही. त्यात रस्त्याचा चिखल, खताचा अंश, महिनोन्‌ महिने बसलेली धूळ मिसळली, म्हणजे ते वाहक बनते. म्हणून नव्या कोऱ्या गाडीला जो पाऊस बाधत नाही, तोच पाच वर्षांच्या गाडीला बाधतो. दोष पावसाचा थोडा व साचलेल्या मळाचा अधिक. शिवाय प्लगकॅपच्या रबराला उन्हाने बारीक भेगा पडलेल्या असतात. एकदा त्या भेगेतून वीज गेली, की मागे कोळशाची सूक्ष्म रेघ राहते, आणि मग कॅप सुकल्यावरही ती रेघ विजेला वाट दाखवीत राहते. असा कॅप पुसून दुरुस्त होत नाही. तो बदलावाच लागतो.

तपासणी करताना पहिला प्रश्न हत्याराचा नसून स्मरणाचा असतो. इंजिन नेमके केव्हा अडखळले? पाणी उडताच अडखळले आणि दहा मिनिटे चालून तापल्यावर सुधारले, तर संशय ठिणगीच्या बाजूवर घ्यावा. उष्णतेने ओल उडाली एवढाच त्या सुधारण्याचा अर्थ. सुरुवातीस ठीक चालली आणि मैल-दोन मैलांनी मान टाकू लागली, तर पेट्रोलमध्ये पाणी गेले आहे काय, अथवा टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र चिखलाने बुजले आहे काय, हे पाहावे. सायलेन्सरातून काळा धूर व कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल, तर हवेचा फिल्टर भिजून इंजिनाचा श्वास कोंडला असण्याचा संभव मोठा.

पुष्कळ जण गाडी स्टँडवर लावून सुरू करून पाहतात, ती गोड चालते, आणि मिस्त्री व मालक दोघेही समाधानाने मान डोलावतात. दुसऱ्या दिवशी दोन माणसे व खताचे पोते घेऊन चढ चढताना तीच गाडी पुन्हा अडते. यात मिस्त्र्याची फसवणूक नसते. मोकळ्या इंजिनात सिलिंडरातील दाब कमी असतो. भार पडून थ्रॉटल उघडले, की दाब वाढतो, आणि त्या दाबलेल्या वायूतून उडी मारण्यास विजेला अधिक जोर लागतो. तो जोर वाढताच ओल्या वाटेने गळती सुरू होते. तेव्हा परीक्षा घ्यावयाची, तर चढावर व भारासह घ्यावी.

ठिणगीची गळती डोळ्यांनी पाहण्याची एक जुनी युक्ती आहे व ती आजही तितकीच उपयोगी पडते. रात्री, दिवे मालवून, इंजिन चालू ठेवावे आणि प्लगकॅप, जाड हायटेन्शन वायर व कॉइल यांवर बाटलीतून पाण्याचे बारीक तुषार उडवावेत. जेथे वीज निसटत असेल तेथे निळसर चमक दिसते, क्वचित टिक्‌ टिक्‌ असा आवाजही ऐकू येतो. हात मात्र दूर ठेवावा. या विजेचा धक्का प्राणावर बेतत नसला, तरी दचकून हात फिरत्या चाकाकडे जाऊ शकतो. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसविलेला आहे, त्यांनी या कामाच्या जवळही जाऊ नये.

प्लग काढून ठिणगी पाहावयाची असल्यास त्याचे धातूचे अंग सिलिंडरच्या डोक्याला घट्ट टेकलेले असावे. ते सैल राहिले, तर विजेला जावयास वाट न मिळून सी.डी.आय.ची पेटी जळण्याचे भय असते. जवळपास पेट्रोल सांडलेले असू नये, हे सांगावयास नकोच. ठिणगी निळी व जाड दिसली, तर ठीक. पिवळी व बारीक दिसली, तर ती दुबळी. तथापि उघड्या हवेत पडलेली ठिणगी सिलिंडरातील दाबाखालीही पडेलच, असे नाही. ही परीक्षा नापास करू शकते. पास झाल्याची खात्री देऊ शकत नाही.

बऱ्याच मोटारसायकलींत प्लग पुढच्या चाकाच्या अगदी मागे, चिखलाच्या थेट माऱ्यात बसविलेला असतो. तो ज्या खळग्यात बसतो, त्या खळग्यातून पाणी वाहून जाण्यासाठी अनेक इंजिनांच्या डोक्यात एक लहानसे छिद्र ठेवलेले असते. हे छिद्र फारच थोड्या मालकांना ठाऊक असते. चिखलाने ते बुजले, की खळग्यात पाणी तुंबते आणि प्लग शब्दशः पाण्यात बसतो. सायकलच्या चाकाची एक तार घालून ते मोकळे केले, की कित्येकदा नव्या कॅपचा, नव्या कॉइलचा आणि एका दिवसाच्या खोळंब्याचा खर्च वाचतो. कॅप बदलण्यापूर्वी आणखी एक उपाय करून पाहता येतो. ज्या गाड्यांत कॅप वायरवर पेचाने बसतो व वायरीला पुरेशी लांबी आहे, तेथे वायरीचे अर्धा सेंटिमीटर टोक कापून टाकावे आणि आतील ताज्या तांब्यावर कॅप पुन्हा पिळून बसवावा. हिरवा गंज चढलेले टोक हेच पुष्कळदा सर्व व्याधींचे मूळ असते.

आता पेट्रोलकडे वळावयास हवे, कारण अलीकडच्या काळात या बाजूला एक नवी गोष्ट घडली आहे. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. उसापासून, मक्यापासून, तांदळापासून होणारे हे इथेनॉल पाण्याचे मित्र आहे. निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी गेले, तर ते तळाशी निमूट बसते व काढून टाकता येते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ते काही मर्यादेपर्यंत विरघळून जाते, आणि मर्यादा ओलांडली की इथेनॉललाच आपल्याबरोबर घेऊन खाली उतरते. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची ही मर्यादा सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दहा लिटरांच्या टाकीत अवघे पन्नास मिलिलिटर पाणी. वीस टक्क्यांच्या पेट्रोलची सहनशक्ती यापेक्षा अधिक आहे. पण गारठा वाढला की ती घटते. संध्याकाळी चाललेली गाडी पहाटे का सुरू होत नाही, याचे उत्तर कधी कधी येथे सापडते.

हे पाणी टाकीत शिरते कोठून? बहुधा झाकणाच्या भोवतालच्या खोलगट कडेतून. तेथे साचलेले पाणी खाली नेणारी एक बारीक नळी असते. ती धुळीने बुजली, की पाणी झाकणाच्या जुन्या रबरावर तुंबून हळूहळू आत झिरपते. अंगणात उघड्यावर रात्रभर भिजणाऱ्या गाडीला हा रोग विशेष जडतो. पाहणी सोपी आहे. कार्बोरेटरच्या तळाचा लहान स्क्रू ढिला करून त्यातील पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि थोडा वेळ स्थिर ठेवावे. खाली निराळा थर दिसला अथवा पेट्रोल गढूळ दिसले, तर टाकी पूर्ण रिकामी करावी. खालचा थर काढून वरचे वापरण्याचा मोह होतो, पण वर उरलेल्या पेट्रोलातील इथेनॉल निघून गेलेले असल्याने ते मुळाइतके चांगले राहिलेले नसते. पेट्रोल महाग आहे हे खरे. इंजिन त्याहून महाग आहे.

चोकची मदतही निदानास होते. अडखळणाऱ्या इंजिनाचा चोक किंचित ओढल्यावर ते सुधारले, तर त्याला पेट्रोल कमी पडत आहे असे समजावे; जेटमध्ये पाण्याचा थेंब अडकला असण्याचा संभव. चोक ओढताच ते अधिकच गुदमरले, तर हवेचा फिल्टर उघडून पाहावा. स्पंजाचा फिल्टर धुऊन, पिळून, वाळवून, तेलाचा हलका हात देऊन पुन्हा बसविता येतो. कागदाचा फिल्टर एकदा भिजून लगदा झाला, की त्याचे आयुष्य संपले. फिल्टरावाचून गाडी चालविण्याचा सल्ला रस्त्यात पुष्कळ लोक देतात. काळ्या मातीची बारीक धूळ सिलिंडरात गेल्यावर काय होते, हे त्यांना पुढे भरावे लागत नाही.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे मानदंड लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसाच झाला. त्याच्या जागी इंजेक्टर, संवेदक व एक लहान संगणक आला. या गाड्यांत चोक नाही, तळाचा स्क्रू नाही. समोरच्या तबकडीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागून राहिला, तर दोष संगणकाच्या नोंदीत उतरलेला असतो व तो वाचण्याचे यंत्र असलेल्या दुकानातच जावे लागते. परंतु प्लग, कॅप व कॉइल यांची कथा येथेही जुनीच आहे. आणि सीटखालील वायरींचे जोड उघडून, पुसून, वाळवून पुन्हा नीट दाबून बसविणे हे घरीही जमते. फार मोठा दोष समजून आणलेल्या गाडीचा विकार कित्येकदा एका ओल्या जोडापुरताच असतो.

गमतीची गोष्ट अशी, की इंजिन भिजते ते नेहमी पावसानेच असे नाही. सणाला गाडी चकचकीत करावी म्हणून ती पंपाच्या फवाऱ्याखाली धरली जाते. आकाशातून पडणारा पाऊस ज्या सांध्यांत शिरू शकत नाही, तेथे हा फवारा पाणी कोंबतो. त्यातही इंजिन तापलेले असताना थंड पाण्याने धुतले, तर आतील हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. बादली व फडके यांनी गाडी तितकी चमकत नसेल, पण ती चालते.

ओल घालविण्यासाठी जो फवाऱ्याचा डबा मिस्त्र्यांच्या फळीवर दिसतो, त्याचा इतिहास मनोरंजक आहे. १९५३ साली सॅन दिएगो येथील एका लहान कंपनीने अग्निबाणांच्या कवचाला गंज चढू नये, म्हणून पाणी हटविणारे द्रव्य शोधण्याचा प्रयत्न केला व चाळिसाव्या प्रयोगात यश आले. डब्ल्यूडी-४० या नावातील ४० हा आकडा त्याचाच. ओल्या कॅपवर ते मारून पुसले, तर गाडी घरापर्यंत येते. मात्र ते टिकाऊ संरक्षण नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरविलेल्या मोटारींचे प्लग व वायरी लांबीसारख्या मऊ द्रव्याने लिंपून टाकल्या होत्या, हवा घेण्याच्या व धूर सोडण्याच्या नळ्या पाण्याच्या वर नेल्या होत्या. आणि किनाऱ्यावर पोहोचताच ते लिंपण काढून टाकणे हाही त्या कामाचाच भाग होता. कारण पाणी अडविणारे लिंपण हवाही अडविते. पावसाळ्यापूर्वी सगळे इंजिन प्लास्टिकच्या पिशवीत बांधणारे काही उत्साही लोक असतात. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची हवाच बंद केली, तर ते भिजणार नाही, पण भाजेल.

आता उरला नाला. वाहत्या पाण्यात गाडी घालताना इंजिन बंद पडले आणि पाणी हवेच्या मार्गाने सिलिंडरात गेले असा नुसता संशय आला, तरी किक मारू नये, बटन दाबू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना ते मध्ये सापडले, की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्तीची गोष्ट मिस्त्र्याच्या हातून लेथवाल्याच्या हाती जाते. गाडी ढकलून कोरड्या जागी न्यावी, किल्ली बंद करावी, प्लग काढावा व हळूहळू किक फिरवून पाणी प्लगच्या भोकातून बाहेर काढावे. तोंड त्या भोकासमोर नसावे. मग तेल पाहावे. ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. तेल बदलून थोडा वेळ इंजिन चालवावे व ते पुन्हा एकदा बदलावे.

परंतु हा सारा विचार गाडी बाहेर आल्यानंतरचा. जोराने वाहणारे पाणी घोट्याच्या थोडे वर, म्हणजे पंधरा सेंटिमीटर असले, तरी धडधाकट माणसाचा पाय सुटू शकतो. तीस सेंटिमीटर पाणी लहान मोटारीला वाहून नेऊ शकते. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे काठावरून कळत नाही. प्रवाहाच्या मध्यावर इंजिनाने एकच ठिणगी चुकविली आणि गाडी थबकली, की स्वाराचे दोन्ही पाय खाली येतात व तोल जातो. नाल्यातून गाडी काढणे हे कौशल्य म्हणून सांगितले जाते. ज्यांचे निघाले नाही, ते सांगावयास आलेले नसतात. रुग्ण पाठीशी असेल, तर काठावर थांबून पलीकडून माणसे बोलाविणे, अथवा लांबचा का होईना, पुलाचा रस्ता धरणे, हाच मार्ग उरतो. आणि तो लांबचा रस्ता तुडविण्यासाठीच इंजिन धड असावे लागते.

त्यासाठी मृगापूर्वीचा एक मोकळा तास पुरतो. नवा प्लग घरात जादा असावा व जुना पानाही त्याच पिशवीत असावा, कारण प्लगचा पाना शेजाऱ्याकडे नेहमी वेगळ्या मापाचा निघतो. कॅप काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावा आणि रबराच्या काठावर आतल्या बाजूने सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. चाकांना वापरावयाचे साधे ग्रीस येथे चालत नाही. ते रबर फुगविते. खळग्यातील छिद्र व टाकीच्या झाकणाखालची नळी तारेने मोकळी करावी, आणि मग एक तांब्याभर पाणी झाकणाच्या कडेत ओतून ते खालच्या नळीतून जमिनीवर पडते की नाही, हे वाकून पाहावे.